रस्ता पाहून पाय पसरावेत

तुळजापूर सोडून सोलापूर-धुळे महामार्ग धाराशिवकडे निघतो, तिथे कुठल्याही फाट्यावर दहा मिनिटे उभे राहून जाणाऱ्या मोटारसायकलस्वारांच्या पायांकडे पाहावे. बहुतेकांचे पाय फूटरेस्टवर असतात. पण मधूनच असा एक जण जातो, ज्याचे दोन्ही पाय समोरच्या लेगगार्डच्या पाइपवर पसरलेले असतात. पायात बूट क्वचित, चप्पलच जास्त. पाठ थोडी मागे रेललेली, हात ताणलेले, गाडी साठ-सत्तरच्या वेगात. गावातली मोठी माणसे त्याला ‘शायनिंग मारतोय’ म्हणतात. त्यातले काही तसे असतीलही. पण पुष्कळांना मिरवायचे नसते, त्यांचे पाय खरोखरच अवघडलेले असतात.

धाराशिव जिल्ह्यात मोटारसायकल ही हौसेची वस्तू फार थोड्यांसाठी आहे. भूम-परंड्याकडे पहाटे वाड्यावस्त्यांवर फिरून दूध गोळा करणारे, बार्शी, सोलापूर किंवा लातुरातून रोज जिल्ह्यातल्या शाळांवर येणारे शिक्षक, बियाणे-खतांच्या कंपन्यांचे विक्री प्रतिनिधी, वित्तसंस्थांचे वसुली कर्मचारी, कुरिअरवाले या सगळ्यांचे ते कामाचे साधन आहे. सोलापूर ते धाराशिव हे अंतर साधारण सत्तर किलोमीटर. जाऊन-येऊन एकशे चाळीस. एवढा प्रवास आठवड्यातून पाच-सहा दिवस शंभर सीसीच्या गाडीवर करणाऱ्या माणसाच्या गुडघ्यांना आणि कंबरेला काय वाटत असेल, याचा विचार ना गाडीच्या जाहिरातीत असतो, ना वाहन परवान्याच्या परीक्षेत.

या अवघडलेपणावर बाजाराने एक उत्तर काढले आहे. त्याचे नाव ‘हायवे पेग’. इंजिनासमोरच्या गार्डच्या पाइपला क्लॅम्पने आवळून बसवायची ही घडीची खुंटी, म्हणजे पुढे पाय टेकवण्यासाठीचे जादा फूटरेस्ट. ही कल्पना रुजली अमेरिकेतल्या लांब आणि सरळ रस्त्यांवर, हार्ले-डेव्हिडसनसारख्या वजनदार गाड्यांवर. आपल्याकडे बुलेट घेऊन गोवा किंवा लडाखला जाणाऱ्यांनी ती उचलली आणि आता तालुक्याच्या ॲक्सेसरीजच्या दुकानातही असे पेग मागितले जातात. ज्यांना ते परवडत नाहीत किंवा माहीत नाहीत, ते थेट गार्डच्या पाइपवर पाय टाकतात. गरज दोघांचीही एकच आहे. म्हणून या गोष्टीकडे थिल्लरपणा म्हणून न पाहता शरीरशास्त्राच्या आणि रस्त्याच्या हिशेबाने पाहायला हवे.

पाय का अवघडतात?

साध्या मोटारसायकलवर बसल्यावर गुडघा जवळजवळ काटकोनात किंवा त्याहून जास्त दुमडलेला राहतो. गुडघा जितका जास्त दुमडावा, तितकी त्याची वाटी मांडीच्या हाडावर जास्त दाबली जाते. चालताना हा दाब येतो आणि जातो. गाडीवर तो तासभर तसाच राहतो. ज्यांच्या वाटीखालची कूर्चा झिजू लागली आहे, त्यांना सिनेमागृहात किंवा एसटीच्या अरुंद बाकावर बराच वेळ बसल्यावर गुडघ्याच्या समोर कळ लागते आणि पाय लांब केला की बरे वाटते. गाडीवरची कळ हीच.

दुसरे कारण रक्ताभिसरणाचे. पायातले रक्त वर हृदयाकडे नेण्याचे बरेचसे काम पोटरीचे स्नायू करतात. प्रत्येक पावलागणिक पोटरी आवळते, शिरा दाबल्या जातात आणि शिरांमधल्या झडपांमुळे रक्त वरच्याच दिशेने सरकते. म्हणून पोटरीला शरीराचे दुसरे हृदय म्हणतात. महामार्गावर टॉप गिअरमध्ये गाडी गेली, की गिअरही नाही आणि ब्रेकही नाही. घोटा हलतच नाही. रक्त खाली साचते, पाय जड होतात, संध्याकाळी मोज्याचा वळ उमटतो. विमान, रेल्वे, बस किंवा मोटारीने चार तास किंवा त्याहून जास्त बसून प्रवास केल्यास शिरेत गाठ होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधील अहवालात म्हटले आहे. मुळातला धोका लहान आहे. त्याच अहवालानुसार असा प्रवास करणाऱ्या साधारण सहा हजारांत एकाला. म्हणून घाबरायचे कारण नाही, पण रोज तासन्‌तास न हलता बसणाऱ्याने त्याकडे दुर्लक्षही करू नये. त्यात मराठवाड्याचा उन्हाळा. चाळीस अंशांच्या वर पारा गेल्यावर घामाने पाणी जाते, रक्त दाट होते आणि वाटेत स्वच्छतागृह नाही म्हणून अनेक जण, विशेषतः महिला, पाणी पिणेच टाळतात.

तिसरे कारण हादऱ्यांचे. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा होणाऱ्या कंपनांना सर्वात जास्त साथ देतो, म्हणजे त्या लयीचे हादरे शरीरात जिरण्याऐवजी वाढतात. खराब रस्त्यावरून जाणाऱ्या वाहनाच्या सीटमधून नेमके याच सुमाराचे हादरे येतात.

थोडक्यात, पाय लांब करावासा वाटणे हा आळस नाही. शरीर जागा बदलायला सांगत असते आणि ते योग्यच सांगत असते. प्रश्न असा आहे, की ती जागा धावत्या गाडीवर, इंजिनाच्या पुढे असावी का?

गुडघ्याला आराम, कंबरेला भार

पाय पुढे पसरल्यावर गुडघ्याला पहिल्या मिनिटातच बरे वाटते. पण त्याच वेळी कंबरेत काय होते, ते स्वाराला दिसत नाही. मांडीच्या मागचे लांब स्नायू कटीच्या हाडापासून निघून गुडघ्याच्या खाली पोहोचतात. गुडघा सरळ करून मांडी वर उचलली, की हे स्नायू ताणले जातात आणि कटीचे हाड मागे ओढतात. कंबरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो आणि बसण्याचा भार बैठकीच्या दोन हाडांवरून माकडहाडाकडे सरकतो. जमिनीवर पाय लांब करून भिंतीशिवाय दहा मिनिटे बसून पाहिले, तर हे कुणालाही कळेल. महामार्गावर भिंत नसते आणि मोटारसायकलच्या सीटला पाठ नसते.

अमेरिकेतील शल्यचिकित्सक जे. जे. कीगन यांनी १९५३ मध्ये निरनिराळ्या बैठकींमध्ये कंबरेची क्ष-किरण छायाचित्रे घेऊन दाखवले, की धड आणि मांडी यांच्यातला कोन साधारण १३५ अंशांचा असतो, तेव्हा कंबरेचा बाक सर्वात स्वाभाविक राहतो; कोन कमी होत गेला, की तो बाक मोडतो. पुढे १९६० च्या दशकात स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाचेमसन यांनी जिवंत माणसाच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला. उभे राहण्यापेक्षा बसल्यावर तो जास्त आणि कंबर वाकवून बसल्यावर आणखी जास्त भरला. हायवे पेगवर पाय टाकून, पाठ गोल करून, हँडल धरायला पुढे वाकलेला स्वार नेमका या शेवटच्या अवस्थेत असतो.

यात आणखी एक गोष्ट हरवते. फूटरेस्ट शरीराच्या खाली असते, तेव्हा पाय हे शरीराचे शॉकअप असतात. गतिरोधक किंवा खड्डा दिसला, की सराईत माणूस नकळत पायांवर भार घेऊन बूड सीटवरून जरा उचलतो. हादरा गुडघ्यांत आणि घोट्यांत जिरतो. पाय पुढे पसरलेल्या माणसाला उठताच येत नाही. प्रत्येक खड्डा सीटमधून थेट कण्यात जातो. ज्या जिल्ह्यात महामार्ग सोडला की पुढच्या रस्त्याचा भरवसा नाही, तिथे हा तोटा लहान नाही.

उजवा पाय कुठे आहे?

कंबरदुखी औषधाने, व्यायामाने बरी करता येते. पुढचा मुद्दा तसा नाही. मोटारसायकलचा मागचा ब्रेक उजव्या पायाखाली असतो. तो पाय गार्डवर असेल तर संकट दिसल्यावर आधी उचलायचा, गुडघा दुमडून मागे आणायचा, न पाहता ब्रेक शोधायचा आणि मग दाबायचा. यात फक्त अर्धा सेकंद जास्त गेला असे धरू. ताशी साठ किलोमीटर वेगात गाडी अर्ध्या सेकंदात सव्वाआठ मीटर पुढे जाते. ऐंशीच्या वेगात अकरा मीटर, म्हणजे जवळजवळ एका एसटी बसची लांबी. ट्रॉलीच्या मागे थांबणे आणि ट्रॉलीखाली जाणे यांत अनेकदा तेवढेच अंतर असते.

यावर ठरलेले उत्तर येते: ‘पुढचा ब्रेक हातात असतो की!’ ते अर्धे खरे आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी थांबवण्याचे मोठे काम पुढचाच ब्रेक करतो. पण तीन गोष्टी विसरल्या जातात.

पहिली, आपल्याकडचा रस्ता नेहमी कोरडा डांबरी नसतो. त्यावर पावसाळ्यात शेतातून आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल असतो, काढणीच्या दिवसांत सोयाबीनचा भुसा असतो, वळणावर खडी असते. अशा ठिकाणी नुसता पुढचा ब्रेक आवळला, तर पुढचे चाक घसरते आणि मग सावरायला वेळ मिळत नाही. मागे माणूस बसलेला असेल किंवा दुधाचे कॅन असतील, तर भार मागच्या चाकावर असतो आणि तिथल्या ब्रेकची गरज आणखी वाढते.

दुसरी, देशात १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या दुचाकींना सुरक्षित ब्रेक यंत्रणा सक्तीची आहे. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्यांना किमान सीबीएस, म्हणजे दोन्ही चाकांचे ब्रेक जोडणारी यंत्रणा. छोट्या मोटारसायकलींमध्ये ही जोडणी सहसा पायाच्या ब्रेकला असते. पाय दाबला, की मागच्याबरोबर पुढचाही ब्रेक काही प्रमाणात लागतो. हाताचा ब्रेक मात्र फक्त पुढचे चाक धरतो. म्हणजे शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीवर पाय गार्डवर टाकणारा स्वार कायद्याने मिळालेले संरक्षण स्वतःच बाजूला ठेवतो. गाडी विकताना ही गोष्ट किती दुकानांत समजावून सांगितली जाते?

तिसरी, जोरात ब्रेक लागल्यावर शरीर पुढे फेकले जाते. पाय खाली असतील, तर गुडघ्यांनी टाकी धरून आणि फूटरेस्टवर रेटा देऊन ते थांबवता येते. पाय पुढे पसरलेले असतील, तर माणूस सीटवरून घसरत टाकीवर आदळतो. समोरून धडक झाली, तर पसरलेल्या मांड्यांच्या मध्ये टाकी घुसून कटीचे हाड फाकते. ही इजा रक्तस्रावामुळे प्राणघातक ठरू शकते. गार्डवरचा पाय पाइप आणि समोरचे वाहन यांच्यात सापडतो, ते वेगळेच. लेगगार्ड हे गाडी आडवी झाल्यावर नडगी चेंगरू नये म्हणून दिलेले असते. पाय त्याच्या आड राहावा म्हणून ते आहे. पाय त्याच्यावर ठेवून पुढे काढला, की त्याचा उद्देशच उलटा होतो.

देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची आकडेवारी सांगते. त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. यातले किती जण पाय पसरून बसले होते, हे कुठल्याही पंचनाम्यात लिहिलेले नसते. पण जिथे प्रत्येक मीटर मोलाचा आहे, तिथे अकरा मीटर आरामापायी देऊन टाकणे परवडणारे नाही.

पाइप, पेग आणि पुढे सरकवलेला ब्रेक

इथे एक फरक समजून घ्यायला हवा. बजाज ॲव्हेंजर किंवा रॉयल एनफिल्ड मीटिऑरसारख्या क्रूझर गाड्यांवरही पाय पुढे असतात. पण तिथे कारखान्यातूनच फूटरेस्टबरोबर ब्रेक आणि गिअरही पुढे दिलेले असतात, सीट खाली असते आणि हँडल मागे ओढलेले असते. पाय पुढे असूनही ब्रेक पायाखालीच राहतो. हायवे पेगमध्ये फक्त पाय पुढे जातो. ब्रेक जिथल्या तिथे राहतो. ज्याच्या गुडघ्याला खरोखरच पाय पुढे ठेवण्याची गरज आहे आणि ज्याला नवी गाडी घ्यायचीच आहे, त्याने पेगच्या आधी अशा गाडीचा विचार करावा.

गार्डचा नुसता पाइप हा तर पेगपेक्षाही वाईट. तो गोल आणि गुळगुळीत असतो, चप्पल त्यावरून घसरते. पाय टेकायला जागा नसल्यामुळे तो पोटरीखाली किंवा घोट्यामागे रुततो, म्हणजे ज्या शिरा मोकळ्या करायला पाय पसरला, त्याच दाबल्या जातात.

एवढे वाचूनही मोठी गाडी बाळगणारा आणि सुटीत लांबच्या सफरी करणारा एखादा म्हणेल, की रिकाम्या चौपदरी रस्त्यावर पाच मिनिटे पाय मोकळे केले तर काय बिघडले? त्याचे म्हणणे अगदीच चूक नाही. त्याने पेग नीट निवडावेत आणि नीट बसवावेत.

निवडताना पाहायचे ते असे. गार्ड इंजिन किंवा चासीला भक्कम बोल्टने आवळलेले हवे. हलक्या, शोभेच्या गार्डवर पेग लावूच नयेत. क्लॅम्प पाइपच्या मापाचाच हवा. बाजारात २२, २५ आणि ३२ मिलिमीटर जाडीचे पाइप असतात. मोठा क्लॅम्प रबराच्या पट्ट्या कोंबून बसवला, की तो एके दिवशी फिरतो. पेगवर रबर असावे आणि त्यावर टाच किंवा चवडा नीट टेकण्याइतकी रुंदी असावी. तो घडीचाच हवा आणि घडी वर व मागच्या बाजूला पडली पाहिजे, म्हणजे गाडी कलली आणि पेग जमिनीला टेकला तर तो मिटेल, गाडीला उचलून फेकणार नाही. गार्डच्या बाहेर तो डोकावता कामा नये.

जागा ठरवताना गाडी मेन स्टँडवर लावावी, रोजचे बूट घालून पाठ ताठ ठेवून सीटवर बसावे आणि कुणाला तरी बाजूने पाहायला सांगावे. पाय पुढे नेत जावा आणि गुडघा थोडा वाकलेला असतानाच थांबावे. पूर्ण सरळ झालेला गुडघा हादरा घेऊ शकत नाही. टाच जिथे येईल, तिथे पाइपवर खडूची खूण करावी. ती खूण सीटच्या उंचीपेक्षा वर असेल तर जागा चुकली. पाय जितका वर, तितकी कंबर गोल. पाहणाऱ्याला कंबरेचा बाक मोडलेला दिसला, तर पेग खाली आणि थोडा मागे घ्यावा. मग हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून गुडघ्याला लागत नाही ना, ते पाहावे. सायलेन्सरचा पाइप पँटला किंवा पोटरीला भाजणार नाही, याची खात्री करावी.

शेवटची परीक्षा सर्वात महत्त्वाची. गाडी उभीच असताना, नजर समोर ठेवून, पाय पेगवरून उचलून ब्रेकवर आणायचा. असे वीस वेळा करावे. एकदाही पाय गार्डमध्ये अडकला, ब्रेकच्या खाली गेला किंवा खाली पाहावे लागले, तर ती जागा रद्द. क्लॅम्पचे बोल्ट पहिल्या लांब फेरीनंतर पुन्हा आवळून घ्यावेत.

कुणी आणि केव्हा नको

काही माणसांनी या वाटेला जाऊच नये. ज्यांना कंबरेतून पायात जाणारी कळ, म्हणजे सायटिका आहे, त्यांना डॉक्टर तपासताना उताणे झोपवून पाय सरळ वर उचलतात आणि कळ येते का, ते पाहतात. पाय सरळ केल्यावर ताणली जाणारी तीच नस पेगवर बसल्यावर ताणली जाते. म्हणजे तपासणीतली कळ प्रवासभर चालू ठेवण्यासारखे आहे. जुना मधुमेह असून पायांना बधिरपणा आलेल्यांना पाय नेमका कुठे टेकला आहे, हे कळत नाही. ब्रेक शोधताना ते धोक्याचे ठरते आणि तापलेल्या सायलेन्सरचा चटकाही त्यांना उशिरा कळतो.

आणि इतरांनीही गावाची हद्द, फाटा, घाट, पाऊस, रात्र, डबलसीट आणि लादलेली गाडी यांत पाय खालीच ठेवावेत. ऊस गाळपाच्या हंगामात रात्री रिफ्लेक्टरशिवायच्या ट्रॉल्या असतात. नवरात्रात आणि कोजागिरीच्या सुमारास सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणाऱ्या भाविकांनी रस्ता भरलेला असतो. येडशीजवळच्या रामलिंगच्या जंगलात प्राणी आडवे येऊ शकतात. ही यादी वजा केली, की पेग वापरायला उरतो तो दिवसाउजेडीचा, कोरडा, मोकळा, सरळ रस्ता, एकट्या स्वारासाठी, काही मिनिटे. एवढ्यासाठी पैसे खर्चायचे का, हे मग ज्याचे त्याने ठरवावे.

खरा आराम कशात?

पेगमुळे बरे वाटते, ते पेगमुळे नव्हे, जागा बदलल्यामुळे. तो बदल गाडी थांबवून केला, तर फुकट मिळतो आणि पूर्ण मिळतो. दर पाऊण तासाने किंवा तासाने पाच मिनिटे गाडीवरून उतरावे. टाचा वीस वेळा उचलाव्यात, दोन्ही हात कंबरेवर ठेवून मागे वाकावे, चार पावले चालावे, पाणी प्यावे. सोलापूर-धाराशिव फेरीत तामलवाडी किंवा तुळजापूर, एवढा एक थांबा पुरतो. चहा घेतला नाही तरी चालेल, उतरायला मात्र हवे. चालू गाडीवरही पाय फूटरेस्टवर ठेवून टाच वर-खाली करता येते, बैठक थोडी पुढे-मागे सरकवता येते.

त्याआधी गाडी स्वतःच्या मापाची करून घ्यावी. ब्रेकचा पायदांडा इतका उंच नको, की चवडा सतत वर उचलून ठेवावा लागेल. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर अशा कोनात हवेत, की मनगट सरळ राहील. मागच्या शॉकअपची स्प्रिंग भारानुसार सैल-घट्ट करता येते, टायरमध्ये हवा कंपनीने सांगितली तितकीच भरावी. सीटचा फोम बसला असेल, तर तो बदलावा. यातली पहिली तीन कामे मिस्त्री काही मिनिटांत करतो. अनेकांचे ‘पाय पसरावेसे वाटणे’ एवढ्यानेच निम्मे कमी होते.

मात्र सगळी जबाबदारी स्वारावर टाकून चालणार नाही. दूध गोळा करणाऱ्याला ‘तासाने थांब’ म्हणणे सोपे आहे. उन्हात थांबला तर दूध नासते. चाळीस लिटरचा एक भरलेला कॅन म्हणजे नुसते दूधच एक्केचाळीस किलो. असे दोन कॅन मागे टांगल्यावर तो सीटवर पुढे ढकलला जातो, गुडघे आणखी दुमडतात आणि पाय गार्डवर जातात. त्याच्यासाठी दूध संघांनी आणि डेअऱ्यांनी कॅन खाली व मागे बसतील अशी भक्कम चौकट द्यावी आणि संकलनाची ठिकाणे जवळ आणावीत. विक्री प्रतिनिधीला आणि वसुलीवाल्याला रोजचे किलोमीटर नेमून देणाऱ्यांनी त्यांत थांब्यांचा वेळ धरावा. महामार्ग चौपदरी झाले, पण दुचाकीस्वाराला सावलीत पाच मिनिटे थांबता येईल, अशा जागा त्या प्रमाणात झाल्या नाहीत. झाड, पाणी आणि महिलांसाठी स्वच्छ शौचालय एवढ्या तीन गोष्टी ठरावीक अंतरावर असणे, हा अपघात टाळण्याचाच एक उपाय आहे. आणि दुचाकी कंपन्यांनी देशातल्या सर्वात जास्त खपणाऱ्या गाड्यांची बैठक ही दिवसाला शंभर किलोमीटर चालवणाऱ्या माणसाचा विचार करून आखावी. मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्यासाठी पायटेकू आणि धरायला मूठ सक्तीची आहे. चालवणाऱ्याचे पाय मात्र अजून त्याच्या सहनशक्तीवर सोडलेले आहेत.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे मराठी माणसाला लहानपणापासून सांगितले जाते. ते खर्चाबद्दल आहे. पण मोटारसायकलवर बसणाऱ्याने ते रस्त्याबद्दलही ऐकावे. पाय अवघडले, की गाडी बाजूला घ्यावी, स्टँडवर लावावी आणि जमिनीवर उभे राहून खुशाल पाय मोकळे करावेत. धावत्या गाडीवर उजव्या पायाची जागा ब्रेकवर आहे.